फॉक्सप्रोवरचा धंदा ब्राउझरमध्ये नेताना: फ्रेमवर्क सगळ्यात शेवटी निवडा

मस्जिद बंदरच्या एका वाहतूकदाराच्या पेढीत आमची नवी वेब-बिल्टी, म्हणजे माल पाठवल्याची पावती ब्राउझरमध्ये बनवायची सोय, सुरू झाली तो दिवस. काउंटरवरच्या काकांनी चौदा नगांची बिल्टी भरली. पाठवणार, घेणार, वजन, भाडं, हमाली, सगळं. आणि वीस वर्षांच्या सवयीनं कंट्रोल-डब्ल्यू दाबलं. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस साधनात त्याचा अर्थ 'सेव्ह करून बाहेर पड'. क्रोममध्ये त्याचा अर्थ 'टॅब बंद कर'. काकांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "माझी बिल्टी कुठे गेली?"

बिल्टी गेली ती गेलीच. साध्या टॅबमध्ये क्रोम ती कळ वेबपानाच्या हाती देतच नाही, त्यामुळे ती कळ कोडमधून अडवण्यासारखी नव्हती. त्याआधीचे तीन आठवडे आम्ही फ्रेमवर्क (वेब प्रोग्रॅम बांधायचा तयार सांगाडा) म्हणून रिअ‍ॅक्ट घ्यावं की अँग्युलर यावर वाद घालत होतो. काका दिवसभर कुठल्या कळा दाबतात हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं.

म्हणून या लेखातला क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे. फ्रेमवर्क शेवटी येतं. हे लिहिलंय ते फॉक्सप्रो, व्हीबी ६, अ‍ॅक्सेस, डेल्फी किंवा ओरॅकल फॉर्म्स अशा जुन्या साधनांवर चालणाऱ्या, दहा ते पन्नास माणसं वापरतात अशा धंद्यांसाठी. बँकेच्या मेनफ्रेमची गोष्ट वेगळी, तिथे हे जसंच्या तसं लावू नका.

पहिली पायरी: दोन दिवस काउंटरमागे बसा

लॅपटॉप न उघडता बसा. वही घ्या. कुठली कळ किती वेळा दाबली जाते, कुठला रकाना नेहमी रिकामाच राहतो, कुठे माणूस पडद्यावरचा आकडा बघून शेजारच्या वहीत लिहितो, हे टिपून ठेवा. त्या वहीत जे असतं ते सॉफ्टवेअरमध्ये नसतं, आणि बहुतेकदा धंद्याचा खरा नियम तिथेच सापडतो. आमच्या पेढीत भिवंडीच्या एका गोदामाचं हमालीचं भाडं वेगळं होतं. ते प्रोग्रॅममध्ये कुठेच नव्हतं, काकांच्या डोक्यात होतं.

मग रिपोर्टांची यादी करा. प्रोग्रॅममध्ये ऐंशी रिपोर्ट असले तरी रोज छापले जाणारे सात-आठच निघतात. बाकीचे कुणीतरी २००३ साली एकदा मागितलेले असतात. ते नव्या घरात न्यायची गरज नाही.

दुसरी पायरी: तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर

सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरनं लिहिलेला मूळ मजकूर, आहे का? जागा बदलताना, हार्ड डिस्क उडाल्यावर किंवा मूळ प्रोग्रॅमर परदेशी गेल्यावर कित्येकांकडे फक्त ईएक्सई, म्हणजे चालणारी तयार फाइल, उरते. व्हिज्युअल फॉक्सप्रोच्या ईएक्सईतून रीफॉक्ससारखी साधनं बराचसा कोड परत काढून देतात, पण त्या कोडवर हक्क कुणाचा आहे ते आधी जुन्या करारात बघा.

डेटा कुठे आहे? एसक्यूएल सर्व्हरमध्ये असेल तर अर्धी लढाई जिंकलीच. डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोच्या टेबलांच्या, फाइलींत असेल तर त्यांचा आकार बघा. फॉक्सप्रोत एका टेबलाची कमाल मर्यादा २ जीबी, लांब मजकूर ठेवणाऱ्या मेमो फाइलचीही तेवढीच. दीड जीबीच्या पुढे गेलेली बिल्टीची फाइल दिसली तर निर्णय पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: उद्या मी नसलो तर हे कोण सांभाळणार? विरार ते चर्चगेट लायनीवर महिन्याभरात मिळेल असा माणूस ज्या तंत्रात नाही, ते तंत्र कितीही देखणं असलं तरी छोट्या धंद्याला परवडत नाही.

तिसरी पायरी: घाई खरंच आहे का ते ठरवा

'सपोर्ट संपला' हे ऐकून घाबरवणारे विक्रेते खूप भेटतील. वस्तुस्थिती अशी. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ ही शेवटची आवृत्ती, तिचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्ये संपला. व्हीबी ६ च्या विकसन साधनाचा सपोर्ट एप्रिल २००८ मध्येच संपला. तरीही दोन्हींतले प्रोग्रॅम आजच्या विंडोजवर चालतात. हळूहळू बाहेर पडायला वेळ आहे.

डॉसमधल्या फॉक्सप्रो आणि क्लिपर या तशाच साधनाचं तसं नाही. ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्रॅम चालवतच नाही, विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नव्या विंडोजवर डॉसचं सोंग घेणारे डॉसबॉक्स किंवा व्हीडॉस ही मलमपट्टी म्हणून ठीक. एकाच फाइलवर चार जण लिहीत असतील तर डॉसबॉक्सवर विसंबू नका, फाइल-लॉकिंगमध्ये, म्हणजे एका वेळी एकालाच लिहू देण्यात, तो कच्चा आहे.

ज्यांची अडचण फक्त 'मालकाला घरून बघायचंय' एवढीच आहे, त्यांनी काहीच नव्यानं लिहू नये. जुना प्रोग्रॅम विंडोज सर्व्हरवर ठेवा आणि रिमोट डेस्कटॉपनं दाखवा. अपाचे ग्वाकामोली हे मुक्त साधन तोच पडदा ब्राउझरमध्ये आणतं, वापरणाऱ्याच्या यंत्रावर काही बसवावं लागत नाही. मात्र रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा टाकू नका, खंडणीखोर व्हायरस याच दारानं आत येतात. पुढे एचटीटीपीएस आणि ओटीपी हवेच. रिमोट डेस्कटॉपची परवानाफी दरडोई किंवा दरयंत्र लागते, तीही हिशोबात धरा. या मार्गाला काही जण नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. महिन्याभरात अडचण सुटते आणि खरा विचार करायला वर्ष-दोन वर्षं मिळतात.

चौथी पायरी: आधी डेटा हलवा, पडदे नंतर

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण प्रकल्प बुडतात ते इथेच.

डीबीएफमधून पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसमध्ये न्यायला पीजीलोडर हे साधन चांगलं, कारण त्याला डीबीएफ थेट वाचता येतं. बारकाईनं तपासत न्यायचं असेल तर पायथनमधली डीबीएफरीड ही लायब्ररी घ्या. फॉक्सप्रोचा डेटा दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचून देणारा मायक्रोसॉफ्टचा ओएलई-डीबी प्रोव्हायडर फक्त ३२-बिट आहे, तो वापरलात तर तुमचा प्रोग्रॅमही ३२-बिट ठेवावा लागेल. यात एक दुपार सहज वाया जाते.

आता खड्डे. फॉक्सप्रोत 'डिलीट' केलेली नोंद प्रत्यक्षात पुसली जात नाही. तिच्यावर खूण होते आणि 'पॅक' या आज्ञेनं फाइल साफ करेपर्यंत ती फाइलमध्येच राहते. साधन ती खूण पाळत नसेल तर दहा वर्षांपूर्वी रद्द केलेल्या बिल्ट्या नव्या खतावणीत जिवंत होतात. रिकाम्या तारखा हा दुसरा खड्डा. फॉक्सप्रोत रिकामी तारीख ही एक वैध किंमत असते, एसक्यूएलमध्ये ती 'नल', म्हणजे किंमतच नसलेली, करावी लागते, आणि मग 'तारीख यापेक्षा लहान' असं विचारणारे जुने रिपोर्ट वेगळी बेरीज देतात.

तिसरा खड्डा पैशांचा. फॉक्सप्रोत २.५ चं राउंड केलं की ३ येतात. पायथनच्या राउंडमध्ये २ येतात, आणि डॉटनेटच्या मॅथ-राउंडमध्येही, वेगळं काही सांगितलं नाही तर, २ च. दोन्हीकडे जवळच्या सम आकड्याकडे झुकायची पद्धत आहे. एका बिलात पैशाचा फरक कुणाला दिसत नाही. मार्चअखेरीस खतावणी जुळत नाही तेव्हा सीए विचारतात, आणि उत्तर शोधायला चार रात्री जातात. रकमा दशांश प्रकारात ठेवा, आकडे अंदाजे साठवणाऱ्या फ्लोटमध्ये कधीच नको, आणि राउंडिंगचा नियम एकाच फंक्शनमध्ये लिहून सगळीकडून तेच बोलवा.

चौथा खड्डा आपल्या भाषेचा, आणि त्याबद्दल परदेशी मार्गदर्शकांत एक ओळही सापडत नाही. जुन्या प्रोग्रॅममध्ये मराठी नावं श्रीलिपी किंवा आयएसएम या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये असतील तर फाइलमध्ये देवनागरी नाहीच. तिथे रोमन चिन्हांचा कचरा आहे आणि फॉन्ट त्याला मराठी रूप देतो. प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा. शिवाय बहुतेक जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोड या आजच्या प्रमाण पद्धतीत ती नंतर येते. रफाराचं नेमकं उलट. त्यामुळे नुसतं 'हे अक्षर काढून ते टाक' करून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. चाचणीला कठीण शब्द घ्या: मिर्झा, कीर्ती, निर्मिती, श्रीकृष्ण, वऱ्हाड. शेवटचा मुद्दाम दिलाय. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एकमेकांना सापडत नाहीत. डेटा भरतानाच एकच रूप ठरवून घ्या. नावांची यादी लावताना पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या लायब्ररीचं मराठी कोलेशन, म्हणजे क्रम लावायचा नियम, निवडा, म्हणजे ळ, क्ष, ज्ञ आपल्या वर्णमालेप्रमाणे ह नंतर येतील.

डेटा एकदा पोस्टग्रेस किंवा एसक्यूएल सर्व्हरमध्ये आला की वाचायचं काम लगेच वेबवर देता येतं. मेटाबेससारखं रिपोर्ट दाखवणारं साधन बसवून मालकाला थकबाकी आणि गाड्यांची आवक-जावक फोनवर दाखवा. एकही फॉर्म न लिहिता त्यांना 'वेब आलं' असं वाटतं, आणि तुम्हाला पुढचे सहा महिने शांततेत मिळतात.

पाचवी पायरी: आता फ्रेमवर्क

आधी एक कडू प्रश्न: हे लिहायलाच हवं का? तुमचा धंदा खरेदी-विक्री-साठा एवढाच असेल तर ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचं तयार सॉफ्टवेअर बघा. ते मुंबईतल्याच फ्रॅपे कंपनीचं, मुक्त सोर्स, पायथन आणि मारियाडीबीवरचं आहे, आणि जीएसटीसाठी त्यावर वेगळं अ‍ॅप मिळतं. हिशोब टॅलीत असतील तर ते तिथेच राहू द्या. टॅली एचटीटीपीवरून एक्सएमएल घेते, पोर्ट सहसा ९०००, त्यामुळे नवीन वेब प्रोग्रॅममधून व्हाउचर थेट आत ढकलता येतात. बिल्टीसारखं आपलंच खास काम असेल, टू-पे (भाडं माल घेणारा देणार) आणि पेडचे (भाडं आधीच दिलेलं) नियम गावागणिक बदलत असतील, तरच स्वतःचं लिहा.

स्वतःचं लिहायचं ठरलं तर माझी पसंती सरळ आहे.

डेटाबेस आधीच तयार आहे आणि टीम छोटी आहे, तर पायथनमधलं जँगो. त्यातली इन्स्पेक्टडीबी ही आज्ञा असलेल्या टेबलांवरून मॉडेलं, म्हणजे त्या टेबलांची कोडमधली वर्णनं, लिहून देते आणि त्या टेबलांच्या रचनेला हात लावत नाही. अ‍ॅडमिनचे पडदे जवळजवळ फुकट मिळतात. त्यामुळे मास्टर नोंदींची कामं, म्हणजे पार्टी, गाव, गाडी, दर, आठवड्यात उभी राहतात.

टीम व्हीबी ६ ची आणि डेटा एसक्यूएल सर्व्हरमध्ये, तर एएसपी डॉटनेट कोअर. तिथली स्कॅफोल्ड-डीबीकॉन्टेक्स्ट ही आज्ञा इन्स्पेक्टडीबीचंच काम करते. पण व्हीबीच्या माणसाला सी शार्प शिकावंच लागेल, मायक्रोसॉफ्टनं २०२० मध्येच व्हीबी डॉटनेट ही भाषा पुढे वाढवणार नसल्याचं सांगून टाकलंय. जुने वेब फॉर्म्सही नव्या डॉटनेटमध्ये नाहीत. तेव्हा 'आपलं वेब फॉर्म्समध्येच उरकू' म्हणणाऱ्याला थांबवा.

पीएचपीची माणसं हाताशी असतील तर लॅराव्हेल. ओरॅकल फॉर्म्सवाल्यांना अ‍ॅपेक्स जवळचं पडेल, कारण पीएल-एसक्यूएलमध्ये लिहिलेलं धंद्याचं तर्कशास्त्र तसंच वापरता येतं. पॉवरबिल्डरवाल्यांनी अ‍ॅपिऑनचं पॉवरसर्व्हर चाचपून बघावं. अ‍ॅक्सेसवाल्यांनी मायक्रोसॉफ्टच्या मोफत मायग्रेशन असिस्टंटनं आधी टेबलं एसक्यूएल सर्व्हरमध्ये हलवावीत आणि जुने फॉर्म तूर्त त्यालाच जोडावेत.

कोड आपोआप नव्या भाषेत करून देणारी साधनंही विकायला येतात. निघालेला कोड चालतो, पण तो फॉक्सप्रोच्याच ढंगात विचार करणारा सी शार्प असतो: भाषा नवी, बोली तीच. तो ना जुन्या माणसाला कळतो ना नव्याला. मूळ प्रोग्रॅम प्रचंड असेल आणि हात लावायला वेळच नसेल तर ठीक, एरवी मी त्या वाटेला जात नाही.

पुढच्या पडद्यांसाठी काय? सर्व्हरनं तयार केलेलं साधं एचटीएमएल, आणि हवं तिथे थोडं एचटीएमएक्स, म्हणजे पानाचा तुकडाच बदलणारी छोटी लायब्ररी. बिल्टीच्या फॉर्मला रिअ‍ॅक्टची गरज नसते. अँग्युलर-जेएसचा सपोर्ट डिसेंबर २०२१ मध्ये संपला, सिल्व्हरलाइट ऑक्टोबर २०२१ मध्ये, फ्लॅश २०२० च्या शेवटी. 'हेच भविष्य' म्हणून या तिन्हींवर उड्या मारलेली माणसं मी पाहिली आहेत. एसक्यूएलचं टेबल आणि एचटीएमएलचा फॉर्म मात्र आहेत तिथेच आहेत. नकाशावर गाड्या हलताना दाखवायच्या असतील तर त्या एका पानापुरतं जड जावास्क्रिप्ट घ्या.

सहावी पायरी: कळा, छपाई आणि वजनकाटा

काकांच्या बिल्टीवर उपाय दोन केले. फॉर्म दर काही सेकंदांनी ब्राउझरमध्येच मसुदा साठवतो, त्यामुळे टॅब बंद झाला तरी उघडल्यावर सगळं जागच्या जागी. आणि सेव्हसाठी एफ९. एफ५ टाळा, तिथे पान पुन्हा लोड व्हायची सवय प्रत्येकाच्या बोटांत आहे. एंटर दाबल्यावर पुढच्या रकान्यात जाणं आवर्जून लिहा. ब्राउझर एंटरला फॉर्म सबमिट करतो, आणि अर्धवट बिल्टी सेव्ह होते. माउसला हात न लावता पूर्ण बिल्टी भरता आली नाही तर काउंटर तुमचं काम नाकारणार, आणि ते बरोबरच असेल.

छपाई हा वेब प्रकल्पांचा विसरलेला भाग. बिल्टी चार प्रतींच्या कार्बन स्टेशनरीवर डॉट मॅट्रिक्सवर निघते. ब्राउझर तिला चित्र म्हणून पाठवतो, आणि चार सेकंदांचं काम मिनिटभर घरघरतं. प्रिंटरला पूर्वीसारखाच कच्चा मजकूर आणि ईएससी-पी संकेत पाठवावे लागतात. त्यासाठी क्यूझेड ट्रेसारखा छोटा मदतनीस प्रत्येक काउंटरच्या यंत्रावर बसवा. इंचाला सहा ओळी, म्हणजे बारा इंचांच्या कागदावर ७२ ओळी. हा हिशोब जुन्या कोडमध्ये असतोच, तो तसाच उचला.

वजनकाटा सिरियल केबलवर असेल तर क्रोम आणि एजमधलं वेब सिरियल वापरता येतं. फायरफॉक्सवर त्याचा भरवसा धरू नका, काउंटरवर ब्राउझर ठरवून द्या.

आणखी एक गोष्ट, तांत्रिक पण कायद्याला टेकलेली. फॉक्सप्रो नोंद उघडताच लॉक करायचा. वेबवर पान उघडून माणूस चहाला गेला तर कळतही नाही. प्रत्येक नोंदीत आवृत्तीचा आकडा ठेवा, आणि सेव्ह करताना तो बदललेला असेल तर 'मध्ये कुणीतरी दुरुस्ती केली' असं सांगा. बिलाचे क्रमांक मात्र डेटाबेसच्या सीक्वेन्सवर, म्हणजे आपोआप पुढचा आकडा देणाऱ्या सोयीवर, सोडू नका, कारण व्यवहार फसला की त्यात आकडा गळतो. जीएसटीच्या नियमानुसार बिलाचा क्रमांक सलग, आर्थिक वर्षात एकमेव आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा हवा. क्रमांकासाठी वेगळं टेबल ठेवा आणि त्यातली ओळ लॉक करून पुढचा आकडा घ्या. थोडं हळू चालतं, चालू द्या. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर, माल वाहतूक एजन्सीसारखे सूट असलेले धंदे सोडून, ई-इन्व्हॉइसही लागतं, त्याची जेसॉन फाइल याच जागी तयार करा.

सातवी पायरी: पिंपळासारखं वाढवा

गिरगावातल्या जुन्या चाळीच्या भिंतीत पिंपळ कसा रुजतो ते सगळ्यांनी पाहिलंय. आधी एक फट, मग मुळं, मग काही वर्षांनी भिंत कुठे संपते आणि झाड कुठे सुरू होतं ते कळत नाही. मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये सॉफ्टवेअरसाठी हीच कल्पना मांडली, ऑस्ट्रेलियातली झाडांना वेढणारी वडाच्या जातीची झाडं बघून. जुनं एकदम पाडायचं नाही. एकेक काम नव्यात न्यायचं आणि जुनं हळूहळू रिकामं करायचं.

प्रत्यक्षात पुढे एनजिनएक्ससारखा रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे आलेली मागणी योग्य प्रोग्रॅमकडे वळवणारा दारवान, ठेवा. आधी चौकशी, मग मास्टर, मग बिल्टी, आणि हिशोब सगळ्यात शेवटी. दोन्हीकडे लिहिता येईल अशी अवस्था शक्यतो टाळा. एका कामाचा मालक एकाच वेळी एकच प्रोग्रॅम. बिल्टी नव्यात गेली की जुन्यातला तो मेनू बंद करा, नाहीतर घाईच्या वेळी लोक जुन्यातच शिरतात.

समांतर चालवणं निदान एक पूर्ण महिना, महिनाअखेर धरून. रोज रात्री दोन्हीकडच्या बेरजा आपोआप जुळवा: बिल्ट्यांची संख्या, एकूण भाडं, एकूण हमाली. मार्चमध्ये आणि दिवाळीच्या आधी स्थलांतर करू नका, हे सांगायची गरज नसावी, पण मी केलंय आणि शिव्या खाल्ल्यात.

सर्व्हर कुठे? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावर सर्व्हर ठेवणाऱ्यांचं पुढे काय झालं असेल याची कल्पना करा. १२ ऑक्टोबर २०२० ला तर अख्ख्या मुंबईची वीज गेली. आता अ‍ॅमेझॉन, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट तिघांचीही डेटा सेंटरं मुंबईत आहेत, त्यामुळे भाड्याचा सर्व्हरही तितकाच जवळ आणि वेगवान. फक्त नोंदी, म्हणजे लॉग, १८० दिवस ठेवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार ते बंधनकारक आहे, आणि सायबर हल्ल्याची माहिती कळल्यापासून ६ तासांत द्यावी लागते. हे कोण करणार त्याचं नाव आधीच ठरवा.

जुना प्रोग्रॅम बंद केल्यावर यंत्र भंगारात देऊ नका. त्याची आभासी प्रत काढा, डीबीएफचा फोल्डर फक्त-वाचन करा. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात, आणि २०२१ ची एखादी बिल्टी कशी दिसत होती हे नोटीस आल्यावर जुन्याच पडद्यावर दाखवावं लागतं. आमच्या पेढीत ती प्रत काकांच्याच यंत्रावर आहे. आयकॉनवर त्यांनी नाव दिलंय, 'जुनं – कंट्रोल डब्ल्यू इथे चालतं'.